वाइल्डगूस लॉजची आग

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लाउथ नावाचा एक लहानसा परगणा आहे. तिथल्या वाइल्डगूस लॉज या घराची गोष्ट गेली दोनशे वर्षे सांगितली जाते. गोष्ट सुडाची आहे.

साल 1816. उन्हाळा आलाच नाही, पिके कुजली. कुळांच्या डोक्यावर जमीनदाराचा खंड होताच. शिवाय कॅथलिक असूनही प्रॉटेस्टंट चर्चला दशांश द्यावा लागे. अशा काळात ‘रिबनमेन’ या गुप्त मंडळीचा गावोगाव वचक होता. शपथ घ्यायची, रात्री जमायचे आणि फितुराला शासन करायचे, ही त्यांची रीत.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये काही माणसे हत्यारे मागायला एडवर्ड लिंच या शेतकऱ्याच्या घरी आली. लिंचने नकार दिला. पुढे कोर्टात त्याने माणसे ओळखली आणि तिघे फासावर गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस एका रात्री जमावाने त्याच्या घराला वेढा घालून आग लावली. आत आठ जण जळून मेले. त्यांत लिंच होता, त्याची मुलगी व जावई होते, आणि पाच महिन्यांचे एक तान्हे मूलही होते. लक्षात घ्या, लिंच कॅथलिकच होता. मारणारे आणि मरणारे एकाच प्रार्थनामंदिरातले होते.

मग सरकारचा सूड सुरू झाला. आगीच्या गुन्ह्यासाठी अठरा जणांना फाशी झाली. माफीचे साक्षीदार झालेल्यांच्या जबानीवर अनेकांचा निकाल लागला. त्यामुळे त्यांतले काही निर्दोष होते, असे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. पुढारी म्हणून पकडलेला विणकर पॅडी डेव्हॉन 1817 मध्ये फासावर गेला. त्याचे प्रेत त्याच्या आईच्या घराजवळ टांगून ठेवण्यात आले.

ते टांगलेले प्रेत विल्यम कार्लटन या तरुणाने पाहिले. त्याने स्वतः कधीकाळी रिबनमेनची शपथ घेतली होती. 1830 मध्ये त्याने या घटनेवर कथा लिहिली आणि ती आगीत सामील झालेल्या माणसाच्या तोंडी घातली. वास्तविक त्या रात्री तो तिथे नव्हता. पण ‘मी पाहिले’ या शब्दांत मोठी ताकद असते. कितीतरी वाचकांनी कथेलाच इतिहास मानले.

गावातल्या आठवणींचा ओढा मात्र दुसरीकडे होता. तिथे फाशी गेलेल्यांची, टांगलेल्या मुलाला रोज पाहणाऱ्या आईची हळहळ जास्त. साक्षीदारांची नावे शिवीसारखी उच्चारली जात. यात नवल नाही. आग एका रात्रीत विझली, टांगलेली प्रेते कित्येक महिने डोळ्यांसमोर राहिली. दहशत बसावी म्हणून सरकारने जे केले, त्यानेच गुन्हेगारांना हुतात्मे केले.

मला या लोककथा खोट्या वाटत नाहीत. त्या माऊलीचे दुःख खरे होते. पण ही गोष्ट सांगताना त्या पाच महिन्यांच्या बाळाला वगळून चालणार नाही. त्याने कुणाविरुद्ध साक्ष दिली नव्हती, कुणाची शपथही मोडली नव्हती.