नवजात श्रवणचाचणी

नवजात श्रवणचाचणी : जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत, शक्यतो प्रसूतिगृहातून घरी सोडण्यापूर्वी, प्रत्येक बाळाच्या कानांची करायची प्राथमिक तपासणी. तिच्यातून निदान होत नाही. पुढील सखोल तपासणी कोणाला लागेल एवढेच ठरते. जन्मतः कायमचे कमी ऐकू येणारी बालके दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन असतात. जन्मजात दोषांत हे प्रमाण मोठे आहे, पण दोष डोळ्यांना दिसत नाही आणि बाळ रडते, हसते, आईकडे पाहते, म्हणून तो वर्ष-दोन वर्षे सहज लपून राहतो.

घरातली कसोटी ठरलेली असते. कोणीतरी बाळाच्या पाठीमागे थाळी वाजवते, बाळ दचकते आणि सगळे निर्धास्त होतात. थाळीचा आवाज फार मोठा असतो. शिवाय हलणारी सावली किंवा वाऱ्याची झुळूक यांनीही बाळ मान वळवते. ज्याला ‘स’, ‘फ’, ‘त’ यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नाहीत, असे मूलही या कसोटीला उतरते. बहिरी बालके पहिल्या काही महिन्यांत इतरांसारखेच हुंकार देतात, हेही फसगतीचे कारण. ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे स्पष्ट अक्षरांचे बोबडे बोल मात्र त्यांच्याकडून फार उशिरा येतात. मायामी विद्यापीठातील किंब्रो ओलर आणि रिबेका आयलर्स यांनी 1988 मध्ये हे दाखवून दिले. तोवर मुलांच्या बोबड्या बोलांना ऐकण्याची गरज नसते, असाच समज प्रचलित होता.

लहान मुलांच्या श्रवणपरीक्षेची पहिली शिस्तबद्ध पद्धत मँचेस्टर विद्यापीठातील आयरीन आणि अलेक्झांडर युइंग या दांपत्याने 1944 मध्ये मांडली. आईच्या मांडीवरील बाळाचे लक्ष समोर वेधून घ्यायचे, मागून हळू आवाज करायचा आणि ते मान वळवते का ते पाहायचे. सात ते नऊ महिन्यांच्या बाळासाठी ही पद्धत ब्रिटनमध्ये अनेक दशके वापरात होती. नवजात बाळ मान वळवू शकत नाही, त्यामुळे त्याला ती लागू पडत नसे. अमेरिकेत डेन्व्हर येथे मेरियन डाउन्स यांनी 1960 च्या दशकात नवजात बालकांना मोठा आवाज ऐकवून त्यांच्या पापण्यांची व अंगाची हालचाल टिपण्याचा मोठा उपक्रम चालवला. पाहणाऱ्यागणिक निकाल बदलतो, हे लक्षात येताच ही पद्धत सरसकट वापरू नये असे त्यांनीच सांगितले. त्यांच्याच प्रयत्नांतून 1969 मध्ये बालश्रवणविषयक संयुक्त समिती उभी राहिली. समितीने आधी जोखमीच्या बालकांची यादी ठरवली : कुटुंबात बहिरेपण, गर्भावस्थेतील संसर्ग, अत्यल्प वजन, तीव्र कावीळ वगैरे. यादी उपयोगी होती, पण जन्मजात बहिऱ्या बालकांपैकी जवळपास निम्मी तिच्यात बसतच नाहीत. सर्वांची चाचणी घेण्याचा आग्रह येथून सुरू झाला.

त्याला साधन मिळाले ते दोन शोधांतून. लंडनच्या रॉयल नॅशनल थ्रोट, नोज अँड इअर हॉस्पिटलात काम करणारे डेव्हिड केंप यांनी 1978 मध्ये दाखवले, की कानात टिचकीसारखा आवाज सोडला तर काही मिलिसेकंदांनी निरोगी कान स्वतःच एक अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. अंतःकर्णातील शंखाकृती भागात बाह्य केशपेशींच्या रांगा असतात. त्या आवाजाबरोबर आखडतात व ताणल्या जातात आणि त्यांच्या या हालचालीचा प्रतिध्वनी कानाबाहेर येतो. कानात अशी सक्रिय यंत्रणा असावी, असा तर्क टॉमस गोल्ड यांनी केंब्रिजमध्ये 1948 मध्येच मांडला होता. त्याकडे तीस वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. या तत्त्वावरच्या चाचणीला दवाखान्यांत ‘ओएई’ म्हणतात. दुसरी चाचणी ‘बेरा’. आवाज ऐकल्यावर श्रवणचेतेपासून मस्तिष्कस्तंभापर्यंत उमटणाऱ्या विद्युत्लहरी ती टिपते. कुर्ट हेकॉक्स आणि रॉबर्ट गॅलँबोस यांनी 1974 मध्ये ती तान्ह्या बालकांवर यशस्वीपणे वापरून दाखवली.

प्रत्यक्षात ओएई फार सोपी असते. दूध पिऊन बाळ झोपले, की मऊ टोकाची बारीक नळी कानात बसवतात. तिच्यात आवाज सोडणारा छोटा स्पीकर आणि प्रतिध्वनी टिपणारा मायक्रोफोन असतो. सर्व सुरळीत असेल तर मिनिटभरात यंत्रावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ उमटते. ‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे. पहिल्या चोवीस तासांत कानात गर्भजल आणि चिकट आवरण राहिलेले असते, वॉर्डात गोंगाट असतो, बाळ चुळबुळते. त्यामुळे पहिल्या खेपेला अनेक निरोगी बाळे अडकतात व फेरचाचणीत सुटतात. हे आईला त्याच वेळी, तिच्या भाषेत सांगणे यंत्र हाताळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. उलट बाजूने, काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांत केशपेशी शाबूत असूनही चेतेकडून येणारा संदेश विस्कळीत असू शकतो. आर्नल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वर्णन केलेल्या या विकारात ओएई ‘पास’ दाखवते आणि बेरात दोष उघड होतो. म्हणून अतिदक्षता विभागातील बाळाला बेराच करावी लागते.

चाचणी लवकर करून नेमके काय साधते, या प्रश्नाला ठोस उत्तर कोलोरॅडो विद्यापीठातून मिळाले. क्रिस्टीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 150 बालकांची तुलना प्रसिद्ध केली : 72 जणांचा दोष सहा महिन्यांच्या आत, तर 78 जणांचा त्यानंतर ओळखला गेला होता. ज्यांची बौद्धिक वाढ सर्वसाधारण होती, त्यांपैकी लवकर ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे सरस निघाली. दोष सौम्य असो वा तीव्र, घर सधन असो वा गरीब, मूल बोलून व्यक्त होत असो वा खुणांच्या भाषेत, फरक कायम राहिला. यातील शेवटचा मुद्दा पुढे बराच दुर्लक्षिला गेला. लवकर निदान म्हणजे केवळ लवकर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट नव्हे. मुलाला पूर्णपणे पोहोचेल अशी एखादी भाषा पहिल्या वर्षातच मिळणे हा त्याचा गाभा आहे आणि ती सांकेतिक भाषाही असू शकते. इंग्लंडमधील 2006 च्या अभ्यासात लवकर निदान झालेल्या मुलांची भाषा सात-आठ वर्षांच्या वयात चांगली आढळली, पण उच्चारात तेवढा फरक दिसला नाही. पालकांना आश्वासन देताना ही मर्यादा सांगायलाच हवी.

या संशोधनातून ‘एक-तीन-सहा’ हे सूत्र रूढ झाले : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार व भाषाशिक्षण सुरू.

भारतात बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2006-07 मध्ये आखला गेला. जन्मजात बहिरेपणाचा समावेश असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि वांद्र्याची 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग संस्था येथे संशोधन चालते आणि श्रवणतज्ज्ञही तयार होतात. कोचीत 2003 पासून राबवलेला प्रयोग विशेष लक्षणीय आहे. तेथे प्रत्येक रुग्णालयाने यंत्र विकत घेण्याऐवजी एकच ओएई यंत्र घेऊन प्रशिक्षित कर्मचारी शहरातील रुग्णालयांत आळीपाळीने फिरू लागला. कमी पैशांत बहुतेक बाळांपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग तालुक्यांच्या गावीही चालण्यासारखा आहे.

साखळी तुटते ती चाचणीनंतर. जगभर सर्वच कार्यक्रमांत ‘रेफर’ झालेल्या बाळांपैकी काही पुन्हा येतच नाहीत. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते : नोंद माहेरच्या गावच्या रुग्णालयात, दोन-तीन महिन्यांनी बाळ सासरी आणि फेरचाचणीची तारीख कागदावरच. बेराची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या शहरात. तेथवर जायचे तर घरातल्या कोणाची तरी मजुरी बुडते. आशा कार्यकर्तीकडे सासरचा पत्ता व फोन क्रमांक पहिल्याच दिवशी पोहोचवणे आणि लसीकरणाच्या दिवशी कानाच्या फेरचाचणीची विचारणा करणे, हे नव्या यंत्रापेक्षा स्वस्त आणि अधिक गुणकारी उपाय आहेत.

‘पास’ झालेल्या बाळावरही लक्ष ठेवावे लागते. सायटोमेगॅलो विषाणूचा जन्मजात संसर्ग, मेंदुज्वर किंवा काही आनुवंशिक कारणांनी श्रवणदोष महिन्या-वर्षांनी उद्भवतो. वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल किंवा दीड वर्षाचे होऊनही एखादा अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, तर जन्मावेळचा ‘पास’चा कागद बाजूला ठेवून श्रवणाची संपूर्ण तपासणी पुन्हा करावी.