चिंचोळ्या अक्षराची कुळकथा

पुसदच्या एसटी स्थानकात ‘पुसद’ लिहिताना पेंटरला पाटीवर जागाच जागा असते. पण ‘पुसद–यवतमाळ, मार्गे दिग्रस-दारव्हा’ लिहायचं झालं की पाटी तेवढीच आणि गावं चार. मग तो अक्षराची उंची राखतो, रुंदी आवळतो. ‘व’चं पोट लांबोळकं होतं, काने जवळजवळ येतात. बोरूच्या तिरप्या कापातून येणारा जाड-बारीकपणाही जातो. ब्रशची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. इंग्रजीतल्या सॅन्स-सेरिफशी, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेल्या अक्षराशी, देवनागरीची सोयरीक जुळते ती या रेघेमुळे.

तिकडे इंग्लंडात खिळे ओतणाऱ्या विल्यम कॅस्लन चौथा याने १८१६ मध्ये बिनसेरिफाचं अक्षर नमुनापुस्तकात छापलं. जाहिरातींनी त्याला पुढे उंच, किडकिडीत केलं. अमेरिकी अक्षररचनाकार मॉरिस फुलर बेंटनचं ‘अल्टरनेट गॉथिक’ हे असंच चिंचोळं अक्षर १९०३ चं. आपल्याकडे जावजी दादाजींनी मुंबईत टाइपाचा कारखाना १८६४ मध्येच काढला होता, निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये. पण शिशाचा खिळा काही दाबता येत नाही. अरुंद अक्षर हवं तर ते नव्याने कोरा, नव्याने ओता. तेही जोडाक्षरं, वेलांट्या, रफार धरून. एवढा खर्च कोण करणार? त्यापेक्षा मोठा मथळा हाताने रेखून त्याचा ब्लॉक करून घेणं परवडायचं.

संगणक आला आणि अक्षर दाबणं फुकट झालं. फ्लेक्सवाल्या पोराने माउसने कडेचा ठिपका आत ढकलला की ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एका ओळीत. घोळ इथेच होतो. आडवं दाबलं की उभे काने बारीक होतात, शिरोरेखेची जाडी मात्र तशीच राहते. लुकड्या माणसाच्या डोक्यावर भलंमोठं पागोटं! मूळचंच अरुंद रेखलेलं अक्षर असं दिसत नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘खंड’ (२०१४) पाहा: देवनागरी सत्य राजपुरोहित यांची, रेघ एका जाडीची, आणि ‘क’, ‘ठ’च्या पोटातली मोकळी जागा शाबूत.

हे अक्षर वापरायचं ते मथळ्याला, वेळापत्रकाला, नावांच्या यादीला. सलग मजकुराला मुळीच नाही. चार ओळींत डोळा थकतो. त्यातही बारीक रेघेचं वाण हाताच्या अंतरावरून वाचण्यापुरतंच. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि काळ्या पट्टीतली पांढरी बारीक अक्षरं बुजतात. रस्त्यावरच्या पाटीला चिंचोळं चालेल, पण रेघ जाडच हवी. शिवाय वर वेलांटी, खाली उकार. ‘मूर्तिजापूर’ आवळून उंच करायला गेलात तर दोन्हीकडून पाटीची कड लागते. इंग्रजी अक्षराला ही अडचण एवढी कधी आली नाही.

काही नव्या गाड्यांवर आता दिव्यांची पाटी असते. तिथे नाव सरकत जातं, त्यामुळे आवळायची गरजच उरत नाही. फाट्यावर हात दाखवून उभ्या असलेल्या माणसाला मात्र ‘मार्गे’च्या पुढचं गाव येईस्तोवर थांबावं लागतं. मला पेंटरची पाटी बरी वाटते.