भाजे गावावरचे दोन गड

भाजे गावातून लेण्यांच्या दिशेने पाहिले की डोक्यावर विसापूरचा कडा येतो आणि त्याच्या शेजारी लोहगड. दोन्ही एकाच रांगेत, एकाच बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवणारे. मध्ये फक्त गायमुख खिंड. आकड्यांनी पाहिले तर विसापूर सरस ठरतो. त्याची उंची सुमारे 1,084 मीटर, लोहगडाची 1,033; माथ्याचा विस्तारही विसापूरचाच मोठा. मोठ्या पडद्याचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून गिऱ्हाईक इंच मोजत बसते, तसे कुणी इथे केले असते तर विसापूरच घेतला असता. इतिहासात घडले उलटे. खजिना, धान्य, दरवाजांचे बांधकाम, राज्यकर्त्यांची मर्जी, हे सारे प्रामुख्याने लोहगडाच्या वाट्याला आले. ही निवड योगायोगाने झालेली नाही, असे माझे म्हणणे आहे. ती वापर पाहून झाली आणि त्या वापरापुरती ती बरोबरच होती. चूक झाली ती शेजाऱ्याला गौण धरण्यात.

गड किती मोठा यापेक्षा तो किती माणसांनी राखता येतो, याला शिबंदीच्या खर्चात जास्त मोल असते. विसापूरचे पठार ऐसपैस आहे, म्हणजे तितकाच लांब घेर सांभाळायचा. शिवाय भाज्याकडून चढणारी पायऱ्यांची वाट पावसाळ्यात ओढाच होऊन जाते. लोहगडाची वाट मात्र वळणे घेत एकामागून एक चार दरवाजांतून जाते: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. पहिला दरवाजा फोडून आत शिरलेला शत्रू दुसऱ्यासमोर अरुंद वाटेत अडकतो आणि वरचा तट त्याच्या माथ्यावर येतो. पश्चिमेला पसरलेली विंचूकाटा माची लांब आणि चिंचोळी, दोन्ही बाजूंना कडे. शिवाजी महाराजांच्या 1664 च्या सुरत लुटीतली संपत्ती लोहगडावर आणली गेली, ती याच भरवशावर. पुढे पेशव्यांचे कारभारी नाना फडणविसांनी नारायण दरवाजा बांधवला, त्यालगतच्या भुयारात भात आणि नाचणी साठवण्याची सोय केली, माथ्यावर सोळा कोनांचे तळे बांधले आणि आपली संपत्तीही याच गडावर ठेवली. 1800 साली नाना गेल्यावर त्यांच्या पत्नी जिऊबाई काही काळ याच गडाच्या आसऱ्याला होत्या.

यावर कुणी 1818 चा दाखला देईल, आणि तो दाखला वजनदार आहे. इंग्रजांचा कर्नल प्रॉथर तोफा घेऊन आला आणि 4 मार्चला त्याने विसापूर घेतला. दुसऱ्याच दिवशी लोहगडही पडला. उंचावरच्या विसापुरावरून लोहगड तोफांच्या टप्प्यात येतो, म्हणजे चार दरवाजांचा सगळा खटाटोप वाया गेला. मग नानांची निवडच चुकली, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. नानांनी तिजोरी निवडली होती, आणि तिजोरीला आधी चोरवाटेपासून, फितुरीपासून आणि अचानक पडणाऱ्या छाप्यापासून वाचवायचे असते. शिवाय 1818 च्या मार्चपर्यंत पेशवाई आधीच मोडली होती: नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे गेले. ज्या गडाला बाहेरून कुमक येणार नाही, तो कितीही बिकट असला तरी किती दिवस तग धरणार? तरीही या आक्षेपातला एक भाग मान्य करावाच लागतो. लोहगड राखायचा तर विसापूर आपल्या हाती हवा. मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांना हे नेमके कळले असावे. 1665 च्या पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले त्यांनी शिवाजी महाराजांकडून मागून घेतले, त्यांत लोहगड होता आणि विसापूरही होता. त्यांनी दोहोंत निवड केलीच नाही.

इंग्रजांनाही हे कळले, म्हणून विसापूरचे दरवाजे त्यांनी सुरुंगाने उडवले आणि लोहगडावर पुढे काही वर्षे शिबंदी ठेवली. आज लोहगडाचे दरवाजे शाबूत आणि विसापूरचे ढासळलेले दिसतात, ते यामुळे. विसापुरावर चुन्याच्या घाण्याचे प्रचंड दगडी चाक पडून आहे आणि ट्यूडर गुलाबाची खूण असलेली एक लोखंडी तोफही. इतके जड चाक जिथे फिरवले, तिथे बांधकामही तोलामोलाचे झाले असणार. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत लोहगड आहे, विसापूर नाही. लोहगडाचा मान योग्यच आहे. पण भाज्याला येणाऱ्याला फलकावर एकाच गडाची थोरवी वाचायला मिळाली, तर 1665 आणि 1818 या दोन्ही सालांचा अर्थ त्याला लागायचा नाही. जतनाचा आराखडा करताना गायमुख खिंडीच्या दोन्ही अंगांना सारखाच पैसा आणि सारखीच माणसे द्यायला हवीत; विसापूरच्या तटाची डागडुजी त्यात आधी धरावी, कारण मोडतोड तिथेच जास्त झाली आहे.