अंतःस्रावी ग्रंथींतील दुर्मिळ तंतुमय गाठ : निदान कसे होते?

गळ्यावरची प्रत्येक गाठ गलगंडाची नसते. थायरॉइड, अॅड्रिनल आणि पिट्युटरी या अंतःस्रावी ग्रंथींमध्ये क्वचित ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर’ ही तंतुमय गाठ आढळते. क्लेम्परर आणि रेबिन यांनी १९३१ मध्ये फुफ्फुसाच्या आवरणातील अशा गाठींचे वर्णन केले. पुढे ती शरीरात अन्यत्रही होते, हे स्पष्ट झाले.

लक्षणे

ही गाठ सावकाश वाढते व सहसा दुखत नाही. थायरॉइडमधील गाठ मोठी झाल्यास गिळताना अडथळा येतो किंवा श्वासनलिकेवर दाब पडतो. संप्रेरकांच्या रक्तचाचण्या बहुधा सामान्य येतात. त्यावरून गाठ निरुपद्रवी असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. काही थोड्या रुग्णांत गाठ इन्सुलिनसारखा पदार्थ स्रवते आणि रक्तातील साखर एकाएकी घटते. डोगे व पॉटर यांनी १९३० मध्ये या प्रकाराची नोंद केली होती.

तपासणीचा क्रम

गळ्यासाठी प्रथम सोनोग्राफी, नंतर गरजेनुसार सीटी स्कॅन वा एमआरआय करतात. सुईने पेशी काढून केलेली तपासणी अनेकदा अपुरी पडते, कारण तंतुमय भागातून पेशी कमी निघतात. अॅड्रिनलच्या गाठीला सुई लावण्यापूर्वी रक्तातील किंवा लघवीतील मेटानेफ्रिनची तपासणी आवश्यक असते. ती गाठ फिओक्रोमोसायटोमा निघाल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.

अंतिम निदान काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतून होते. लांबट पेशी, कोलॅजनचे पट्टे आणि हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या ही तिची खूण होय. मात्र मेड्युलरी व अॅनाप्लास्टिक कर्करोगांतही लांबट पेशी दिसू शकतात. दोन्हींचे उपचार अगदी भिन्न असल्याने येथे चूक महागात पडते. २०१३ मध्ये या गाठीत ‘एनएबी-२’ आणि ‘स्टॅट-६’ या जनुकांचा संयोग आढळला. तेव्हापासून पेशीकेंद्रात ‘स्टॅट-६’ प्रथिन दाखवणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री चाचणी निर्णायक मानली जाते. ‘सीडी-३४’ चाचणी तिला पूरक असते.

जिल्ह्यातील रुग्णांसाठी

धाराशिव जिल्ह्याचा कर्करोगाच्या नोंदीशी जुना संबंध आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झालेल्या देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत बार्शीसह परंडा व भूम तालुक्यांचा समावेश होता. कर्करोग उपचारांसाठी जिल्ह्यातील अनेकांना बार्शी, सोलापूर, लातूर किंवा मुंबई गाठावी लागते. दुर्मिळ गाठीबाबत शंका राहिल्यास मोठ्या केंद्रातील पॅथॉलॉजी तज्ज्ञाचे दुसरे मत घेणे हितावह ठरते. त्यासाठी गाठीचे मेणातील ब्लॉक व स्लाइड अहवालासोबत न्याव्यात. नुसत्या कागदी अहवालावरून फेरतपासणी होऊ शकत नाही.

उपचारानंतर

गाठ पूर्णपणे काढणे हाच मुख्य उपचार आहे. बहुतेक गाठी सौम्य वागतात. तथापि काही पुन्हा उद्भवतात किंवा पसरतात. रुग्णाचे वय, गाठीचा आकार, विभाजित होणाऱ्या पेशींची संख्या व मृत पेशींचा भाग यांवरून धोका आजमावतात. अनेक वर्षांनंतरही गाठ परतू शकते. म्हणून टाके निघाले की आजार संपला असे न समजता दीर्घकाळ नियमित तपासणी करून घेणे गरजेचे आहे.