जिमी रॉजर्स आणि गीतकर्तृत्वाचा प्रश्न

अमेरिकेतील ज्या गीतपरंपरेस पुढे 'कंट्री' संगीत हे नाव रूढ झाले, तिच्या इतिहासात जिमी रॉजर्स (१८९७–१९३३) ह्यास आद्यपुरुषाचा मान दिला जातो. स्वतः गीते रचून स्वतःच ती गाणारा रेल्वेचा ब्रेकमन, अशी त्याची प्रतिमा लोकमानसात दृढ झालेली आहे. ही प्रतिमा कशी घडली आणि ध्वनिमुद्रिकेवर छापलेले नाव इतिहासाचे साधन म्हणून कितपत प्रमाण मानावे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

रॉजर्सचे वडील मिसिसिपी राज्यातील मेरिडियन परिसरात रेल्वेमार्गावरील मजुरांच्या टोळीचे मुकादम होते. ह्या कृष्णवर्णीय मजुरांची गाणी ऐकतच तो वाढला. पुढे तो स्वतः रेल्वेत लागला. परंतु १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाले, ते कष्टाचे काम झेपेनासे झाले आणि गायन हेच उपजीविकेचे साधन ठरले.

४ ऑगस्ट १९२७ रोजी टेनेसी व व्हर्जिनिया ह्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर ह्याने त्याची पहिली दोन गीते मुद्रित केली. त्यांपैकी 'स्लीप, बेबी, स्लीप' हे जुनेच गीत होते. पीअरचा मोबदला मात्र प्रामुख्याने गीतांच्या प्रकाशनहक्कांतून येत असे. ज्या गीतावर पूर्वी कोणाचा हक्क नोंदलेला नाही, तेच त्याच्या दृष्टीने लाभाचे. साहजिकच गायकाने 'नवी' गीते आणावी, असा त्याचा आग्रह असे. गायक हाच गीतकार, ही कल्पना रुजण्यास कलेइतकाच हा व्यवहारही कारण झाला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

ही मागणी दोन मार्गांनी पुरी झाली. ३० नोव्हेंबर १९२७ रोजी कॅम्डन येथे मुद्रित झालेल्या 'ब्लू योडेल'ने रॉजर्सला कीर्ती दिली. ह्या मालिकेतील अनेक कडवी कृष्णवर्णीयांच्या मौखिक ब्लूज परंपरेत पूर्वीपासून प्रचलित होती. नोंद मात्र रॉजर्सच्या नावे झाली. दुसरा मार्ग घरातलाच होता. त्याची मेहुणी एल्सी मॅकविल्यम्स हिला स्वरलेखन अवगत होते, त्याला ते येत नव्हते. तिने त्याच्यासाठी अनेक गीते रचली. काहींवर तिचे नाव आले, काहींवर तिच्याच संमतीने आले नाही. १९३० मधील 'ब्लू योडेल क्रमांक ९' मध्ये ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचा, तर पियानो लिल हार्डिन आर्मस्ट्राँगचा आहे. त्यांची नावेही मुद्रिकेवर आढळत नाहीत.

ह्यावरून रॉजर्सचे श्रेय खोटे ठरते काय? तसे नव्हे. विखुरलेल्या कडव्यांची निवड व जुळणी, योडेलची त्यांच्याशी घातलेली सांगड आणि आवाजातील आत्मीयता ही त्याचीच होती. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्क येथे अखेरची गीते मुद्रित करताना तो मधून मधून खाटेवर विश्रांती घेत होता; २६ मे रोजी त्याचे निधन झाले. १९६१ मध्ये 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'च्या पहिल्या तीन मानकऱ्यांत त्याचा समावेश झाला, तो सार्थच होय.

तथापि मुद्रिकेवरील नाव हा हक्काचा पुरावा आहे, निर्मितीचा संपूर्ण पुरावा नव्हे. हा भेद ध्यानी न घेतल्यास मजुरांचा तो समूह, ती मेहुणी व ते वादक इतिहासातून पुन्हा एकदा वगळले जातील. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाने म्हणूनच नाव वाचून थांबू नये. ते नाव तेथे कोणत्या व्यवहाराने आले, हेही विचारावे.