एकल सायकलभ्रमंती, दीर्घ पल्ल्याची : मुंबई–चेन्नई मार्ग व कोरोमंडल किनारा

एकाच स्वाराने, आपले सामान आपल्याच सायकलीवर लादून, अनेक मुक्काम करीत केलेला लांबचा प्रवास. यात वेळेची मर्यादा नसते आणि मागे साथीची गाडीही नसते. ‘बीआरएम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फेऱ्यांपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. त्या फेऱ्यांत २०० कि.मी. अंतर साडेतेरा तासांत आणि ६०० कि.मी. अंतर ४० तासांत पुरे करावे लागते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार चालणाऱ्या या फेऱ्यांची भारतातील घडी पुण्याच्या दिव्या ताटे यांनी बसवली. विक्रमासाठी केलेल्या एकल दौडीत स्वार एकटाच असला, तरी बरोबर गाडी, मेकॅनिक व मदतनीस असतात. म्हणून तिचीही गणना भ्रमंतीत होत नाही. सामानासह रोज ८० ते १२० कि.मी. ही भ्रमंतीची सर्वसाधारण चाल होय.

मार्ग : महाराष्ट्रातून चेन्नईला जाणारा मुख्य रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी व बंगळुरूमार्गे तो चेन्नईला पोहोचतो. २०१० मध्ये महामार्गांचे नवे क्रमांक लागू होईपर्यंत मुंबईकडून बंगळुरूपर्यंतचा त्याचा भाग ‘एनएच ४’ होता व जुने सायकलस्वार आजही तेच नाव वापरतात. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील मुंबई–चेन्नई ही बाजू १,२९० कि.मी. लांबीची असून चार बाजूंत ती सर्वांत आखूड आहे.

या मार्गाची चढउतार तीन टप्प्यांत पाहता येते. पहिला टप्पा सह्याद्रीचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई असल्याने खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने बोरघाट चढावा लागतो. समुद्रसपाटीवरून निघालेला स्वार लोणावळ्यास सहाशे मीटरच्या वर येतो. पुण्यानंतर कात्रज व खंबाटकी हे घाट लागतात. साताऱ्याकडे जाणारी वाहतूक खंबाटकीचा घाट चढून जाते, तर पुण्याकडे येणारी बोगद्यातून येते. दुसरा टप्पा दख्खनच्या पठाराचा. निपाणीपासून तुमकुरूपर्यंत मोठा घाट नाही, पण लांबच लांब चढउतार आहेत, आणि बंगळुरूला रस्ता नऊशे मीटरच्या वर जातो. तिसरा टप्पा उताराचा. होसूर ओलांडल्यावर कृष्णगिरीकडे उतरण सुरू होते. पुढे वाणियंबाडी, आंबूर, वेल्लोर, राणीपेट ही गावे पालार नदीच्या खोऱ्यात आहेत. आंबूर व राणीपेट चामड्याच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असून बिर्याणीमुळे आंबूर बहुतेकांचा जेवणाचा थांबा ठरते. श्रीपेरुंबुदूरपासून कारखान्यांची अवजड वाहतूक वाढते.

चेन्नईहून पुढे दोन मार्ग फुटतात. उत्तरेस राष्ट्रीय महामार्ग १६ नेल्लोर, विजयवाडा, विशाखापट्टणम व भुवनेश्वरमार्गे कोलकात्याकडे जातो. दक्षिणेस पूर्व किनारा मार्ग, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘ईसीआर’, तिरुवान्मियूरपासून सुरू होतो. मुट्टुकाडूची खाडी, कोवलम, सुमारे ५५ कि.मी.वर मामल्लपुरम, मग कल्पाक्कम, मरक्काणमची मिठागरे आणि सुमारे १५० कि.मी.वर पुदुच्चेरी असा त्याचा क्रम आहे. चेन्नईतील सायकलस्वारांची रविवार सकाळची फेरी याच रस्त्यावर मामल्लपुरमपर्यंत असते. कडलूर, चिदंबरम, तरंगंबाडी, नागपट्टिनम, रामनाथपुरम, तूत्तुकुडी या क्रमाने किनारा धरून कन्याकुमारी गाठता येते. रामनाथपुरमहून रामेश्वरचा फाटा पांबनच्या पुलावरून जातो. तिरुचिरापल्ली–मदुराईमार्गे जाणारा आतला महामार्ग जवळचा आहे, पण तेथे वाहतूक अधिक असते.

हवामान व वारा : मोसम निवडताना महाराष्ट्रातील सवय येथे उपयोगी पडत नाही. चेन्नईच्या सुमारे १,४०० मि.मी. वार्षिक पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून निघालेला स्वार चेन्नईला पोहोचतो तो नेमका पावसात. चक्रीवादळांचा काळही हाच : ‘वरदा’ १२ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईजवळ किनाऱ्यावर आले आणि डिसेंबर २०२३ मधील ‘मिचौंग’मुळे शहरात पूर आला. मे महिन्यातील ‘अग्नि नक्षत्रम्’ हा सर्वाधिक उष्म्याचा काळ मानला जातो. जानेवारी व फेब्रुवारी हे महिने सोयीचे आहेत.

वाऱ्याच्या दिशेचा विचार त्याहून कमी केला जातो, परंतु रोजच्या अंतरावर परिणाम करणारी बाब तीच आहे. हिवाळ्यात दक्षिण पठारावर वारा प्रामुख्याने पूर्वेकडून असतो. त्यामुळे मुंबईहून चेन्नईकडे जाताना तो तोंडावर येतो, तर उलट दिशेने येताना पाठीशी राहतो. मात्र चेन्नईहून निघाल्यास बंगळुरूपर्यंतचा सगळा चढ आरंभीच पडतो. किनाऱ्याने दक्षिणेस जाणाऱ्यास ईशान्येचा वारा मदत करतो. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा दक्षिणेकडे जाताना अडथळा ठरतो, म्हणून पहाटे निघून अकराच्या आत दिवसाचे बहुतेक अंतर संपवण्याची रीत आहे.

सायकल व सामान : वजन वाहायचे असल्याने पोलादी फ्रेम, मागच्या चाकास ३६ आरे, ३२ ते ३८ मि.मी. रुंदीचे टायर आणि कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या पिशव्या (पॅनिअर) ही मांडणी पसंत केली जाते. पंक्चरचे सामान, जादा ट्यूब, काही आरे, चेनची कडी व पाने जवळ ठेवतात. गावोगावच्या दुकानांत पंक्चर काढणे व चाकाचा आउट काढणे ही कामे होतात. परंतु बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला तेथील पंप बसत नाही, म्हणून छोटा पंप व ॲडॅप्टर लागतो. सुट्या भागांसाठी बंगळुरू व चेन्नई ही भरवशाची ठिकाणे आहेत. सायकल उत्पादनात चेन्नईचे स्थान जुने आहे : मुरुगप्पा समूहाने ब्रिटनमधील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स कंपनीच्या भागीदारीत १९४९ मध्ये टीआय सायकल्स ही कंपनी स्थापन केली. अंबत्तूर येथील तिच्या कारखान्यातून हर्क्युलिस, फिलिप्स व बीएसए या सायकली देशभर गेल्या.

मुक्काम व अन्नपाणी : महामार्गावर लॉज व पेट्रोलपंप, किनाऱ्यावर देवस्थानांच्या धर्मशाळा. ईसीआरवर शहाळी वर्षभर आणि ताडगोळे उन्हाळ्यात मिळतात.

मराठी इतिहासाशी संबंधित स्थळे : मराठी स्वार या मार्गाला किल्ल्यांची जोड देतात. वेल्लोरचा भुईकोट महामार्गालगत आहे. तो १६७८ मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आला. तिंडिवनमहून सुमारे २८ कि.मी.वरील जिंजी हे राजाराम महाराजांच्या काळात, १६९८ पर्यंत, मराठ्यांच्या राज्यकारभाराचे केंद्र होते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थळांच्या १२ किल्ल्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव किल्ला आहे. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील काळिकांबाळ मंदिरात छत्रपती शिवाजी महाराज १६७७ मध्ये दर्शनास आल्याचे मंदिराच्या परंपरेत सांगितले जाते. दक्षिणेस, रामेश्वराच्या यात्रामार्गावर तंजावरच्या मराठा राजांनी वाटसरूंसाठी छत्रे बांधली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी प्रसिद्ध. पट्टुकोट्टैजवळ समुद्रकाठी दुसऱ्या सरफोजींनी उभारलेला मनोरा ईसीआरपासून जवळच आहे.

इतिहास : सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला प्रवासी टॉमस स्टीव्हन्स १८८६ मध्ये लाहोरहून कोलकात्यास ग्रँड ट्रंक मार्गाने गेला, दक्षिण भारत त्याच्या वाटेत आला नाही. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा या तिघांनी तो १९२८ मध्ये पूर्ण केला. फ्रामरोझ दावर १९२४ मध्ये मुंबईहून एकटे निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव्ह स्टावयानिक हा सोबती मिळाला, म्हणून त्यांचा संपूर्ण प्रवास एकल म्हणता येत नाही.

नोंदी व विक्रम : कागदोपत्री राहतात ते प्रामुख्याने विक्रम. लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी १६ ते ३० ऑक्टोबर २०२० या काळात पुण्याहून निघून पुण्यास परतत सुवर्ण चतुष्कोनाची ५,९४२ कि.मी.ची फेरी १४ दिवस २३ तास ५२ मिनिटांत पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०२१ मध्ये ती सुमारे साडेतेरा दिवसांत केली. या दोन्ही दौडी साथीच्या पथकासह झाल्या. साथीशिवायच्या प्रवासाचे उदाहरण म्हणजे पुण्याची वेदांगी कुलकर्णी : जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघून तिने १४ देशांतून सुमारे २९,००० कि.मी. अंतर १५९ दिवसांत कापले. हा आशियाई महिलांतील सर्वांत जलद प्रवास असल्याचे तत्कालीन वृत्तांत म्हटले आहे. मुंबई–चेन्नई मार्गावरच्या सामान्य भ्रमंतीसाठी अशी नोंदव्यवस्था नाही.

नियम : सायकलींना पथकर नाही. नियंत्रित प्रवेशाच्या द्रुतगती मार्गांवर मनाई असते. बंगळुरू–म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर ती १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये यंत्रविरहित वाहतुकीचे धोरण स्वीकारले.

परतीचा प्रवास : सायकल रेल्वेच्या पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून पाठवता येते.