खोट्या बंदुकीचा खरा इतिहास

एक सोपा प्रश्न. अगदी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या बंदुका बनवायचा छंद नेमका कुठल्या देशात फोफावला असेल? जिथे खऱ्या बंदुका किराणा सामानासारख्या मिळतात तिथे, म्हणजे अमेरिकेत, असं उत्तर पटकन तोंडात येतं. पण ते चूक आहे. हा छंद वाढला जपानमध्ये, जिथे सामान्य माणसाला पिस्तूल बाळगायची परवानगीच नाही.

ज्यांना 'एअरसॉफ्ट' हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सैन्यातल्या रायफलीची हुबेहूब प्रतिकृती, त्यातून उडणारे ६ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे गोल छर्रे, डोळ्यांवर गॉगल आणि रानात दोन टीम्स. छर्रा लागला की ज्याला लागला त्याने स्वतःच 'हिट' म्हणून ओरडायचं आणि बाहेर जायचं. अंपायर नाही, सगळा कारभार विश्वासावर. पण ह्या छंदातल्या बऱ्याच लोकांना खेळापेक्षा ती बंदूक 'बनवण्यात' जास्त रस असतो. ती तशी का बनते, ह्याचा इतिहास मला फार मजेदार वाटतो. आणि शेवटाकडे तो तितका मजेदार राहत नाही.

जपानमध्ये सामान्य लोकांची शस्त्रं काढून घ्यायची परंपरा जुनी आहे. तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा करवल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर देशच नि:शस्त्र झाला आणि १९५८ मध्ये बंदुका आणि तलवारींवरचा आजचा कडक कायदा आला. शिकारीच्या बंदुकीसाठी परवाना मिळतो, पण त्यासाठीही बऱ्याच परीक्षा आणि चौकश्या. पिस्तुलाचं तर नावच नको.

पण बंदी घातली म्हणून आकर्षण संपतं का? १९६० च्या दशकात जेम्स बाँडचे सिनेमे आणि टीव्हीवरच्या काउबॉय मालिका जोरात होत्या. त्याच काळात 'मॉडेल गन' नावाचा प्रकार तिथे लोकप्रिय झाला. एमजीसी ही त्यातली नावाजलेली कंपनी. ह्या मॉडेल गन जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असत. वजनदार, आतले भाग खऱ्यासारखे हलणारे, फक्त गोळी न उडणारे. फार तर आत टिकली फुटायची. आपली दिवाळीतली टिकल्यांची बंदूक आठवा, आणि ती कोणा हट्टी घड्याळजीने बनवली असती तर कशी झाली असती ह्याची कल्पना करा.

मग ३१ मार्च १९७० ला जपान एअरलाइन्सचं टोकियोहून फुकुओकाला निघालेलं विमान रेड आर्मी गटाच्या नऊ तरुणांनी पळवलं. विमान सोलमार्गे उत्तर कोरियात गेलं. त्यांच्या हातातली शस्त्रं खेळण्यातली किंवा मॉडेल होती हे नंतर कळलं. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, कायदा बदलला. धातूच्या मॉडेल पिस्तुलाची नळी बंद हवी आणि रंग पांढरा किंवा पिवळा हवा.

पिवळं पिस्तूल हातात घेऊन कोण बाँड होणार? कंपन्यांनी डोकं लढवलं आणि मॉडेल्सना सोन्याचा मुलामा द्यायला सुरुवात केली. सोनं पिवळंच असतं की! ह्याला आमच्या धंद्यात वर्कअराउंड म्हणतात :)

१९७७ मध्ये नियम अजून आवळले गेले. कोणी मॉडेलची खरी बंदूक करू नये म्हणून धातूच्या मॉडेल्सच्या रचनेवर बंधनं आली. त्यामुळे बराचसा धंदा प्लॅस्टिककडे वळला, कारण काळा रंग प्लॅस्टिकला चालत होता. आणि प्लॅस्टिकच वापरायचं तर त्यातून निदान प्लॅस्टिकचा छर्रा तरी उडावा, ह्या दिशेने गाडी गेली. आधी स्प्रिंगच्या बंदुका आल्या, प्रत्येक छर्ऱ्यासाठी एकदा खटका ओढा. मग गॅसच्या आल्या. त्यात फ्रीजमध्ये असायचा तोच फ्रेऑन-१२ वापरत. ऐंशीच्या दशकात काही शौकीन पाठीवर गॅसची टाकी बांधून, नळी बंदुकीला जोडून खेळायचे. समोरून कमांडो, मागून फवारणीवाला! पुढे ओझोनच्या थरासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि फ्रेऑनवरही गदा आली.

१९९१ मध्ये टोकियो मारुई ह्या कंपनीने फ्रेंच सैन्याच्या 'फामास' रायफलीची बॅटरीवर चालणारी प्रतिकृती काढली आणि सगळं चित्रच बदललं. आतली रचना एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमसारखी सुटसुटीत आहे. खटका दाबला की बॅटरी मोटर फिरवते. मोटर तीन दातेरी चाकं फिरवते. शेवटच्या चाकाच्या परिघाच्या फक्त काही भागावर दाते असतात. दाते आहेत तोवर चाक पिस्टनला मागे खेचतं आणि स्प्रिंग दाबली जाते. दाते संपले की पिस्टन सुटतो, पुढे झेपावतो आणि दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. तोवर चाकाचे दाते पुन्हा आलेले असतात. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होतं. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने एक रबराचा उंचवटा छर्ऱ्याला उलटी फिरकी देतो (टेबल टेनिसमधला बॅकस्पिन आठवा), त्यामुळे तो हवेत तरंगत लांब जातो.

मारुईच्या ह्या गिअरबॉक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या. एम-१६ मध्ये बसते ती 'व्हर्जन २', एके मध्ये बसते ती 'व्हर्जन ३'. पुढे हाँगकाँग आणि तैवानच्या कंपन्यांनी त्याच मापाचे सुटे भाग काढले. कोणी समिती बसली नाही, पण स्टँडर्ड तयार झालं. म्हणून तर आज एकाचा गिअरबॉक्स, दुसऱ्याची मोटर आणि तिसऱ्याची धातूची बॉडी घेऊन घरी रायफल जुळवता येते, अगदी असेंबल्ड पीसीसारखी.

आता ह्या घरी जुळवणाऱ्यांची तऱ्हा बघा. एम-१६ ची मोटर मुठीत बसते, म्हणून प्रतिकृतीची मूठ खरीपेक्षा जाड होते. हे त्यांना डाचतं. ३०० छर्ऱ्यांचं मॅगझिन मिळत असताना ते मुद्दाम ३० चं वापरतात, कारण खऱ्यात ३० च असतात. एके चा प्लॅस्टिकचा दस्ता काढून खऱ्या लाकडाचा लावतात, घासतात, तेल पाजतात. नव्याकोऱ्या बॉडीच्या कडांचा रंग सॅंडपेपरने उडवतात, म्हणजे बंदूक बरीच वर्षं वापरल्यासारखी दिसते. खऱ्या एम-१६ ची गंमत उलटी आहे. १९६० च्या दशकात ती आली तेव्हा तिचा प्लॅस्टिकचा दस्ता बघून अमेरिकन सैनिक तिला मॅटेल (हो, तीच बार्बीवाली कंपनी) म्हणून चिडवत. खरी बंदूक खेळण्यासारखी दिसते ही त्यांची तक्रार!

तर ही सगळी मेहनत कुठे जाते? माझ्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस शंभर टक्के तोच ठेवायचा आणि इम्प्लिमेंटेशन पूर्ण वेगळं. आतला फरक किती आहे ते आकड्यात बघू. खऱ्या एम-१६ ची गोळी साधारण १,७०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. जपानमध्ये ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्याला आज कायद्याने मुभा आहे जेमतेम ०.९८ ज्यूलची. ०.२ ग्रॅमच्या छर्ऱ्याला ही ऊर्जा दिली की तो सेकंदाला ९९ मीटरने सुटतो. डोळ्याला लागला तर डोळा जाईल, पण जाड कपड्यावर फक्त चिमटा. ही मर्यादाही उगाच नाही आली. २००५ मध्ये तिथे ताकद वाढवलेल्या एअरगनने हायवेवरच्या गाड्यांवर नेम धरायचे प्रकार झाले आणि २००६ मध्ये कायदा आला.

पण ज्यूल मोजता येतात ते बंदूक हातात असलेल्याला. समोरच्याला फक्त इंटरफेस दिसतो.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या एका टीव्ही स्टुडिओत एक माणूस घुसला आणि थेट प्रक्षेपणात डेव्हिड हॉरोविट्झ ह्या वार्ताहराच्या पाठीला पिस्तूल लावून त्याने आपलं निवेदन वाचायला लावलं. पिस्तूल खरं नव्हतं. पुढच्या वर्षी अमेरिकेत कायदा झाला, खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला भडक केशरी खूण हवी. (हे कलम चक्क सरकारी ऊर्जाबचतीच्या कायद्यात घुसडलेलं आहे. बिलं तिथेही अशीच पास होतात.) ब्रिटनने २००६ च्या कायद्याने हुबेहूब प्रतिकृती विकण्यावरच बंदी घातली, नियमित खेळणाऱ्यांना सवलत ठेवली. बाकीच्यांनी भडक रंगाची घ्यायची. म्हणजे जपानचं १९७१ चं पिवळं पिस्तूल पुन्हा आलं.

आणि तरी २२ नोव्हेंबर २०१४ ला क्लीव्हलँडच्या एका बागेत तामीर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा एअरसॉफ्टचं पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याची केशरी खूण निघालेली होती. ज्याने पोलिसांना फोन केला त्याने बंदूक बहुतेक खोटी असेल असंही सांगितलं होतं, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी थांबल्यापासून साधारण दोन सेकंदात गोळी झाडली गेली. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. अधिकाऱ्यांवर खटला चालला नाही. २०१६ मध्ये शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

ह्यात सगळा दोष त्या पिस्तुलाच्या कारागिरीवर ढकलणं सोपं आहे आणि ते मला पटत नाही. दोन सेकंदांचा निर्णय पोलिसांचा होता, अर्धवट निरोप कंट्रोल रूमचा होता. त्या जागी काळा नसून गोरा मुलगा असता तर काय झालं असतं, हा प्रश्न अमेरिकेत तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. पण केशरी टोकासारखा उपाय किती तकलादू आहे, हेही त्यातून दिसलं. खूण निघू शकते. आणि खऱ्या बंदुकीच्या टोकालाही कोणी केशरी रंग लावू शकतो, हे पोलिसांनाही माहीत असतं.

ह्या छंदातल्या जाणत्या लोकांनी ह्यावर शोधलेला उपाय अगदी साधा आहे. मैदानाबाहेर बंदूक नेहमी बॅगेत, बॅटरी काढलेली, नळीवर टोपी. बस स्टॉपवर दाखवायची नाही, गॅलरीत उभं राहून नेम धरायचा नाही. इतकी मेहनत घेऊन जी खरी दिसावी म्हणून बनवली, ती खोटी आहे हे माहीत असलेल्या लोकांखेरीज कोणाच्याही नजरेला पडू द्यायची नाही. लाकडाला तेल पाजत रात्री जागवणाऱ्याला हे जड जात असणार. पण खोटेपणाची ग्वाही देणारं त्या बंदुकीवर दुसरं काहीच शिल्लक ठेवलेलं नसतं, त्यामुळे ते काम बनवणाऱ्यालाच करावं लागतं.

असो. लेख ठरवल्यापेक्षा लांबला. पुढच्या वीकांताला जरा कमी स्फोटक विषय घेऊ.